डाग मोजायला यवतपर्यंत

लोकांना फिरायला नेणं हा माझा धंदा. लडाख, भूतान, कच्छचं रण, जिथे म्हणाल तिथे. एका जागी पंधरा दिवस बसले की माझ्या अंगावर पित्त उठतं, असं आई म्हणते आणि ते फारसं खोटं नाही. त्यामुळे परवा शेजारच्या काकूंनी "या वेळी कुठे जाऊन आलीस?" असं विचारलं आणि मी "यवत" म्हटलं, तेव्हा त्यांना वाटलं मी सांगायचं टाळतेय. यवत हे सोलापूर रस्त्यावर पुण्यापासून तासा-दीड तासावरचं गाव. लोक तिथून पुढे जातात, तिथे कुणी जात नाही. मी मात्र मुद्दाम तिथे गेले, माझ्या विजूमावशीला आणि तिच्या दुर्बिणीला घेऊन. निघायचं ठरल्यापासून पोचायला तीन दिवस लागले. इतक्या सावकाश मी आजवर कुठेच गेलेले नाही.

नारायण पेठ, गुरुवार. पूर्ण ढगाळ.

विजूमावशी आईची धाकटी बहीण. सरकारी कचेरीत अनुरेखक होती. म्हणजे मोठमोठ्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून रेघ न् रेघ शाईने गिरवायची. मी चौथीत होते तेव्हा तिने एक छोटी दुर्बीण घेतली आणि सोसायटीच्या गच्चीवर सूर्यावरचे डाग काढायला लागली. ते आजतागायत चालू आहे. रोज सकाळी साडेआठला. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, लावला तर डोळा जातो. दुर्बिणीच्या मागे फळी, फळीवर कागद, कागदावर बशीएवढा सूर्य पडतो. त्यात जे काळे ठिपके दिसतात तिथे पेन्सिल टेकवायची, मग ते मोजायचे आणि आकडा लिहायचा. तेवढा वेळ गच्चीच्या दाराला आतून पाटी लटकते: "काम चालू आहे. दहा मिनिटांनी यावे. कपडे पळून जात नाहीत."

हे डाग वाढतात आणि कमी होतात. एक फेरी साधारण अकरा वर्षांची. उतरतीच्या तळाशी आठवडेच्या आठवडे सूर्य कोरा असतो, चढतीच्या टोकाला सगळीकडे तीट लावल्यासारखा. मावशीने असे तीन चढ-उतार कागदावर पाहिलेत. आता शेवटचा चढ संपून उतार लागलाय असं म्हणतात, आणि गेली दीड-दोन वर्षं मावशीचे आकडेही घसरताहेत. पण त्याच दीड-दोन वर्षांत तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय. ऑपरेशनची तारीख तिने तीनदा रद्द केली होती. चौथी येत्या सोमवारची होती आणि तिच्याकडून ती कबूल करून घ्यायला आईने मला पाठवलं होतं.

"या वेळी नाही म्हणायचं नाही," मी चपला काढता काढताच सुरुवात केली.

"नाही कोण म्हणतंय? मी पुढे ढकलतेय."

"का पण?"

"माझे डाग कमी होताहेत. सूर्य उतरतोय म्हणून कमी होताहेत की माझी नजर उतरतेय म्हणून, हे ठरल्याशिवाय मी डोळ्याला कुणाला हात लावू देणार नाही. बस. चहा घे."

बसणं मला जमत नाही, म्हणून मी उभ्यानेच चहा घेतला. मावशीने मला समजावलं. एखाद्याला वीस डाग दिसतात, दुसऱ्याला पंधरा. त्याने बिघडत नाही. प्रत्येकाच्या नजरेचा एक गुणक ठरतो, त्याने गुणलं की सगळ्यांचे आकडे एका मापात येतात. "कमी दिसलं तरी चालतं गं. रोज सारखंच कमी दिसलं पाहिजे." डोळ्यात नवं भिंग बसलं की माणूस नवा झाला, गुणक नवा झाला, आणि इतक्या वर्षांची ओळ तिथे तुटली. सूर्यच उतरत असेल तर ही ओळ विनाकारण तोडायची तिची तयारी नव्हती.

"मोबाइलवर आजचा सूर्य दिसतो. दोन सेकंदांत सोक्षमोक्ष," मी फोन काढला.

"उपग्रहाला जे दिसतं ते माझ्या दुर्बिणीला दिसत नाही. याच दुर्बिणीतून, याच कागदावर, दुसऱ्या माणसाला किती दिसतात ते मला हवंय. आणि त्या माणसाने आधी काही बघितलेलं नको. एकदा बघितलं की डोळे तेच शोधतात. ठेव तो फोन."

मग करार झाला. दोघींनी एकाच वेळी सूर्य काढायचा. मला तिच्यापेक्षा बरेच जास्त डाग दिसले तर सोमवारी ऑपरेशन. सारखेच दिसले तर ऑपरेशन पुढे, आणि आईने तोंड बंद ठेवायचं. मी हसत हसत कबूल झाले. मला जिंकायचंच होतं.

मावशी स्वतःची पेन्सिल कुणाला देत नाही. म्हणून मी बुधवार पेठेत जाऊन एक घेऊन आले. तिच्या शेंड्याला गुलाबी रबर होतं. "ते रबर आधी काढून टाक," मावशी म्हणाली. "सूर्याच्या कागदावर खोडरबर चालत नाही. चुकलं तर बाजूला 'चूक' म्हणून लिहायचं." मी बरं म्हटलं आणि विसरले.

सगळं तयार होतं, फक्त सूर्य नव्हता. जुलै संपत आला होता आणि अकरा दिवस पुण्यावर गोधडी टाकावी तसे ढग होते. मी गच्चीत चाळीस फेऱ्या मारल्या. खाली उतरले, परत वर गेले. एखाद्या बॅचची बस तासभर उशिरा आली तर मी डेपोत जाऊन भांडते. इथे भांडायचं कुणाशी?

शेवटी मी म्हटलं, "मावशी, तो येत नाही ना? आपण जाऊ त्याच्याकडे."

मावशीने कपाटातून एक जुना नकाशा काढला. घाटात अडलेला ढग पूर्वेकडे जाता जाता विरळ होतो, हे तिला नोकरीपासून ठाऊक. तिने नखाने सोलापूर रस्ता दाखवला आणि प्रथमच जरा उत्साहाने म्हणाली, "डबा मी करते."

लोणी काळभोर, शुक्रवार. ढगाळ, सात मिनिटं ऊन.

हडपसर ओलांडायला किती वेळ लागला ते लिहीत नाही. ज्यांनी ओलांडलंय त्यांना माहीत आहे, ज्यांनी नाही त्यांना खरं वाटणार नाही. लोणीला मुख्य रस्ता सोडून कालव्याच्या कडेने आत गेलो, एका मोकळ्या रानाच्या बांधावर गाडी लावली आणि तिपाई उभी केली. वर पांढरट उजेड होता, मधूनच सावल्या पडायच्या आणि पुसल्या जायच्या.

तिपाई उभी राहून पाच मिनिटं झाली नसतील, तोच एक मोटारसायकल धूळ उडवत आली. वर साठीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, टोपी कपाळावर ओढलेली.

"ओ बाई, कुनाची मोजनी हाय ही?"

"मोजणी नाही हो," मी म्हटलं.

"न्हाय कशी? ह्यो काय तीन पायाचा? हितनं नवा रस्ता जानार हाय म्हनून चार महिनं ऐकतुय. नोटीस न्हाय, काय न्हाय, डायरेक्ट मोजनी?"

तेवढ्यात शेजारच्या रानातून आणखी दोघं आले. शहराच्या कडेला तिपाई दिसली की आपली जमीन चालली, हा हिशेब इथे लहान पोरालाही पाठ आहे. मी हजार ठिकाणी हजार प्रकारच्या लोकांना समजावलंय, पण त्या तिघांपुढे माझी बोबडी वळली. मावशी मात्र शांतपणे फळीवर कागद लावत होती.

"आम्ही सूर्य मोजतोय," मान वर न करता ती म्हणाली. "त्याचा सातबारा तुमच्या नावावर असेल तर दाखवा, लगेच थांबतो."

टोपीवाले असे हसले की मोटारसायकल पडता पडता राहिली. त्यांना सगळे तात्या म्हणतात. त्यांना सगळं समजून घ्यायचं होतं. डाग म्हणजे काय, तर सूर्याचा तेवढा भाग जरा थंड, म्हणून काळा दिसतो. केवढा असतो, तर एकेकात आख्खी पृथ्वी मावेल. "आन् तुमी त्यो पेन्सिलीनं काढता?" तात्या म्हणाले. "आवो, मग तुमाला आमच्या रानाचं काय पडलंय."

एक वाजला तसे ते जेवायला चला म्हणून हटून बसले. डबा आहे म्हटलं, तर तो डबा त्यांनी स्वतःच उचलून मोटारसायकलला अडकवला. आमच्या पेठेत दुपारी एक ते चार कुणाच्या दाराची बेल वाजवणं म्हणजे गुन्हा. इथे त्याच वेळेला न जेवता जाणं हा गुन्हा होता. तात्यांचं घर रानाला लागूनच. बाजरीची भाकरी, भरलं वांगं, खरडा, आणि मावशीच्या डब्यातल्या गुळाच्या पोळ्या तात्यांच्या घरच्यांनी चवीने खाल्ल्या. मी दर दोन घासांना दाराबाहेर डोकावत होते.

"बस की जरा, पोरी," तात्यांच्या बायको म्हणाल्या. "बोलावून ऊन येत न्हाय."

आणि नेमकं तेव्हाच अंगण पिवळं झालं. मी भाकरीचा हात तसाच घेऊन बांधाकडे पळाले. मावशी मागून, जमेल तशी. माझ्या हातून नकटीच्या लग्नाचं पहिलं विघ्न घडलं ते असं: सकाळी घाईत मी तिपाईचा एक स्क्रू अर्धाच पिळला होता. मी दुर्बीण वळवायला हात लावला आणि ती मान टाकून जमिनीकडे बघायला लागली. स्क्रू पिळेपर्यंत, दुर्बीण वळवेपर्यंत, कागदावर सूर्य शोधेपर्यंत ढग परत आला. सात मिनिटं होती. मावशीने घड्याळ पाहून ती लिहून ठेवली.

"घाई केलीस," एवढंच ती म्हणाली. मी रडायच्या बेतात होते, म्हणून रागावले. गाडीत जाऊन बसले आणि हात आपोआप फोनकडे गेला. आजचा सूर्य एका बोटावर होता. मावशीने खिडकीतून हात घातला, फोन काढून घेतला, रिकाम्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

निघताना तात्या म्हणाले, "हितं न्हाय जमायचं. उद्या यवतच्या पुढं जावा. माझ्या मेव्हण्याचं गुऱ्हाळ हाय तिकडं. मी फोन करून ठेवतो की मोजनीवालं न्हाईत म्हनून."

यवतच्या पुढे, शनिवार. स्वच्छ.

यवत मागे पडलं आणि रस्त्यावर आमच्या गाडीची सावली पडली. मी ओरडलेच. मावशीने फक्त चष्मा पुसला.

गुऱ्हाळ रस्त्यापासून आत, उसाच्या मधोमध. मोठ्या कढईत रस उकळत होता, वास लांबपर्यंत येत होता आणि चिमणीचा धूर नेमका सूर्याच्या तोंडावरून चालला होता. तीन दिवस सूर्याच्या मागे धावायचं आणि शेवटी गुळाच्या धुराने अडवायचं! मेव्हणे फार भले. त्यांनी भट्टी विझवायची तयारी दाखवली. मावशी म्हणाली, "गूळ बिघडवू नका. आम्ही सरकतो." वारा पाहून आम्ही उसाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. या वेळी तिन्ही स्क्रू मी दोन-दोनदा पिळले.

मावशीने आधी काढायचं, मग मी. आपापला कागद दाखवायचा नाही. मी पाठ फिरवून उभी राहिले. पण मावशीला मोजताना पुटपुटायची सवय आहे, ती तिलाही ठाऊक नाही. "...पाच. सहा. सात." मग बराच वेळ काहीच नाही. कागदाची सळसळ. मग जरा खालच्या आवाजात, "आठ." आणि पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज.

मग माझी पाळी. कागदावर सूर्य थरथरत होता, उकळत्या दुधावरच्या सायीसारखा, आणि दर मिनिटाला निसटून जायचा. त्याला हाताने परत आणावं लागायचं. आधी मला दोनच मोठे डाग दिसले. मग त्यांच्याभोवती बारके. श्वास धरून पाहिलं की आणखी बारके, एकदा दिसले की मग दिसतच राहणारे. मी प्रत्येकावर पेन्सिल दाबली, घट्ट, निसटू नये म्हणून. मोजले. चौदा.

मी जिंकले होते. त्यासाठीच तर आले होते. सोमवारी ऑपरेशन, आई खूश, आणि बुधवारी मी माझ्या बॅचबरोबर स्पितीला मोकळी. पण मागे वळून पाहिलं तर मावशी उसाच्या कडेला, डोळ्यांवर हाताची सावली धरून, हसऱ्या चेहऱ्याने सूर्याच्या दिशेला बघत उभी होती. तीस-पस्तीस वर्षांत तिने एकही दिवस न दिसलेलं लिहिलं नाही आणि दिसलेलं सोडलं नाही. आणि दीड-दोन वर्षं सूर्यावर असलेलं तिच्या कागदावरून सुटतंय हे तिला माहीतच नव्हतं. मी पेन्सिल उलटी केली आणि सगळ्यात बारके सहा डाग खोडून टाकले.

"किती?" तिने विचारलं.

"आठ."

मावशीने माझा कागद घेतला. त्याच्यावर एक फुंकर मारली. रबराचा एक गुलाबी कण उडाला. मग तिने कागद उन्हात तिरका धरला. नकाशांवर खोडलेल्या रेघा शोधण्यात तिचा जन्म गेला होता. डोळे मिटून तिने नखाचं टोक कागदावरून फिरवलं, मोठ्या डागांवरून सावकाश बाजूला. एका जागी नख अडलं.

"नऊ," ती म्हणाली.

"मावशी..."

"दहा. अकरा." नख सरकत होतं. "बारा. तेरा." शेवटचा सापडायला वेळ लागला. मी बघत उभी होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. "चौदा. शिसं खोडता येतं गं. दाब खोडता येत नाही."

मी "सॉरी" म्हटलं. काय म्हणायचं दुसरं?

"म्हणजे सूर्य अजून जोरात आहे," ती म्हणाली. आवाजात, देवाशपथ, सुटका होती. "मला वाटत होतं, तो दमलाय. मी त्याच्याबद्दल काय काय लिहून ठेवलं!" आणि तिने डोळ्यांना पदर लावला. मी तिला धरून उभी राहिले. मेव्हण्यांनी लांबून पाहिलं आणि बिचारे गरम गुळाची वाटी घेऊन अर्ध्या वाटेत थांबले.

मग मावशीने नवा कागद लावला. "परत काढ. सगळे. आणि ते रबर तोडून दे माझ्याकडे."

परतीच्या वाटेवर ती एकदाच बोलली, हडपसरच्या गर्दीत. "तुझ्या आईला सांग, सोमवारी आठ वाजता तयार असेन म्हणून."

नारायण पेठ, पुढचे बारा दिवस.

ऑपरेशन नीट झालं. उजवा डोळा आधी. मावशी काळा चष्मा लावून घरात, आणि साडेआठला गच्चीवर मी. स्पितीची बॅच मी एका सहकाऱ्याला दिली.

मंगळवारी मी वर गेले, ढग पाहिले, खाली आले आणि वहीत लिहिलं: "ढगाळ. दिसला नाही."

"किती वेळ थांबलीस?" मावशीने आतून विचारलं.

"पाच मिनिटं."

"मग 'दिसला नाही' असं नको लिहूस. 'थांबले नाही' असं लिही."

मी मुकाट्याने तसं लिहिलं. बुधवारी चाळीस मिनिटं थांबले. कठड्याला टेकून, पाय हलवत, मनात दहा ठिकाणी जाऊन येत. गुरुवारी एक तास. नंतर मोजणं सोडलं. वहीत माझ्या नावापुढे ओळीने "दिसला नाही" जमत गेलं आणि ते मला वाटलं होतं तितकं वाईट वाटेना.

बाराव्या दिवशी ढग फाटला. डॉक्टरांनी मावशीला वाचन-लेखनाची परवानगी आदल्याच दिवशी दिली होती. ती कठड्याला धरून वर आली. आधी मी काढला सूर्य, मग तिने. या वेळी मी पाठ फिरवली नाही. ती कागदाच्या जवळ वाकली आणि तशीच थांबली.

"अगं," ती म्हणाली, "याला कडा आहे." मोठ्या डागाभोवतीची करडी कड तिला कितीतरी दिवसांनी दिसत होती. मग ती पुटपुटत मोजायला लागली आणि आठाच्या पुढे गेली तेव्हा माझे डोळे भरून आले. नऊ. दहा. अकरा. बारा.

मी माझ्या कागदाकडे पाहिलं. परत मोजले. कागद जवळ धरला, मग हातभर लांब धरला.

"तुझे किती?" तिने विचारलं.

एक क्षण "बारा" म्हणावंसं वाटलं. पेन्सिलीच्या शेंड्याला रबर नव्हतं.

"नऊ," मी म्हटलं.

"तेवढे लिही," मावशी म्हणाली. "आणि सोमवारी मला दाखवायला जायचंय, तेव्हा तूही चल. कागद किती लांब धरतेस ते मी बघितलंय."